बाबा मख्खपणे म्हणाले

९ जानेवारी २०२५, गुरुवार

दोन वर्षं! डॉक्टर म्हणाले, निदान दोन वर्षांपासून हा चेहरा असा असणार. "घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

काय सांगायचं त्यांना? आमच्या बाबांचा चेहरा जन्मापासून असाच आहे हो. एडवणमध्ये कुणालाही विचारा. अख्खं गाव हसून लोळत असतं आणि नरहरीभाऊ मधोमध मख्ख. लग्नाच्या फोटोतसुद्धा मख्ख. आई लाजतेय आणि बाबा पासपोर्टसाठी बसल्यासारखे.

आजाराचं नाव लांबलचक आहे, उद्या नीट लिहून काढेन. पार्किन्सनच्या जातीतलाच, पण त्याहून वाईट. तोल जातो. डोळे खाली वळत नाहीत. चेहऱ्याचे स्नायू गोठतात, मग गिळण्याचे. गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. "बरा होणारा नाही," हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पण बाबांचे कान तिखट!

निघताना बाबांनी विचारलं, "डॉक्टर, पथ्य काय? हसायचं बंद करू का?"

डॉक्टर बिचारे गंभीरपणे म्हणाले, "नाही नाही, हसा ना. जरूर हसा."

आम्हा तिघांना तिथंच हसू फुटलं. आई, मी आणि माझा नवरा दिग्विजय. आईनं तर पदराचा बोळा तोंडात कोंबला. डॉक्टरांना वाटलं असेल, काय निर्लज्ज माणसं आहेत!

आईबाबांना घेऊन वापीहून बोईसरला आमच्याकडं आलो. घरी आल्यावर मी नळ सोडून रडले.

११ जानेवारी, शनिवार

आज वर्गात फजिती. सातवीच्या धड्यात वाक्य आलं — 'तो मख्खपणे म्हणाला.' पोरं मागे लागली, मॅडम, अर्थ सांगा. उभा जन्म ज्या शब्दाबरोबर काढला तो शब्द, आणि मला सांगता येईना!

म्हटलं, चेहऱ्यावर काही न दाखवता. "म्हणजे रागावून?" नाही. "म्हणजे दुःखात?" नाही रे. "मग निर्विकारपणे?" तेही नाही. निर्विकार माणसाच्या आत काही नसतं, निदान शांत झालेलं असतं. थंडपणे म्हणावं तर त्यात दुष्टपणा येतो. मख्खपणे म्हणजे आत हसू मावत नाहीये आणि वर झाकण घट्ट — असं मी फळ्यावर लिहिलं. मग वाटलं, हा अर्थ मराठीतला की फक्त आमच्या घरातला?

स्टाफरूममधला कोश काढला. मख्ख — मठ्ठ, मंद, काही न कळणारा, चेहऱ्यावर भाव नसलेला. बस्स. शब्द कुठून आला, त्याबद्दल अवाक्षर नाही. संस्कृतवाले रूपेश सर म्हणाले, "मख म्हणजे यज्ञ. यज्ञाला बसलेला यजमान कसा हलत नाही, तसा." म्हटलं सर, कशावरून? "वाटतं आपलं." अशी यांची व्युत्पत्ती!

बाबांना कोशातला अर्थ वाचून दाखवला. मठ्ठ, मंद. बाबा मख्खपणे म्हणाले, "फोटो नाय छापला माझा?"

१२ जानेवारी, रविवार

काल लिहायचं राहिलं. व्युत्पत्तीचा हा धंदा मी आधीही करून बसलेय!

चौथीत होते. बाबांना विचारलं होतं, मख्ख म्हणजे काय. बाबा वाडीत केळीला पाणी देत होते. वर न बघता म्हणाले, मख नावाचा मासा आहे. फक्त एडवणच्या खाडीत मिळतो. पकडला, तरी तोंड तसंच. कापला, तरी तसंच. तळून ताटात वाढला, तरी खाणाऱ्याकडं तसाच बघतो. म्हणून मख्ख.

मी ते परीक्षेत लिहिलं! बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. आठवडाभर पोरं मला 'ए मख' म्हणत होती. घरी येऊन थयथयाट केला, पाटी आपटली. बाबा म्हणाले, "बाईंनी खाल्ला नसेल. त्यांना बोंबील आवडतात."

तेव्हा दातओठ खाल्ले होते. आज दिग्विजयला सांगताना हसून हसून पोट दुखलं. त्याला स्वतःचं आठवलं. मागणी घालायला एडवणला आला तेव्हा बाबांनी सांगितलं होतं, "आमच्यात जावयाला माडावर चढून दाखवावं लागतं." हा कराडचा गडी, माड सिनेमातच बघितलेला. बूट काढले, मोजे काढले, मिठी मारून कमरेएवढा चढलाही! छातीभर खरचटलं. बाबा खालून म्हणाले, "उतरा आता. पुढची अट पोहायची हाय."

"मामांचा चेहरा बघून मला वाटलं, खरंच असंल," दिग्विजय म्हणतो. कराडकडं सासऱ्याला मामा म्हणतात. अजूनही त्या गोष्टीनं लाल होतो.

१९ जानेवारी, रविवार

झोप नाही. एकेक आठवत बसते.

मागच्या वर्षी हंसाआत्याच्या नातवाच्या लग्नात बाबा पंगतीत म्हणाले होते, "घास उतरत नाय." आम्ही हसलो. आत्या म्हणाली, "दादा, जिलबी उतरली ती कशी?" पुन्हा सगळे हसले. वाडीत पडले तेव्हा म्हणाले, "जमीन जरा जवळ आली." हसलो! जिन्यावर थांबून म्हणाले, "पायऱ्या दिसत नाहीत, कुणी नेल्या?" तेव्हा तर मी हे वाक्य शाळेत जाऊन सगळ्यांना ऐकवलं.

डोळे खाली वळत नव्हते हो त्यांचे! पायऱ्या खरंच दिसत नव्हत्या!

माणूस आम्हाला दोन वर्षं सांगत होता. स्वच्छ मराठीत सांगत होता. दुसऱ्या कुठल्याही घरात बाप असं बोलला असता तर पोरं त्याला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेली असती. आम्ही टाळ्या दिल्या.

२७ जानेवारी, सोमवार

फिजिओथेरपीवाला यायला लागलाय. बिहारचा आहे, मनानं चांगला. बाबांपुढं आरसा धरतो. "अंकल, स्माइल करो. बडा स्माइल."

बाबा आरशात बघत राहिले. चेहऱ्यावर रेष नाही.

"करो ना अंकल."

बाबा म्हणाले, "कर तो रहा हूँ."

तो हसला. दिग्विजय हसला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. विनोद होता का? का खरंच आतून जीव तोडून हसत होते, आणि बाहेर काहीच येत नव्हतं? कुणाला विचारू?

२ फेब्रुवारी, रविवार

आईला विचारलं. सरळच विचारलं — बाबा कधी थट्टा करतात आणि कधी खरं बोलतात, तुला कळतं?

"कळतं की."

"कशावरून?"

"बायकोला कळतं गं. इतकी वर्सं काय झोपा काढल्या?" आणि लसूण सोलायला लागली.

म्हणजे कळतं तिला! जीव भांड्यात पडला. दुपारी ताटावर बाबा म्हणाले, "ही आमटी जपून ठेवा, माझ्या तेराव्याला व्हईल." मी हातातला घास खाली ठेवला. आईकडे बघितलं. ती लगेच म्हणाली, "थट्टा. आमटीला नावं ठेवतायत. जेव तू." मी जेवले.

संध्याकाळी म्हणाले, "मला एडवणला ने." आईकडे बघितलं. "हे खरं हाय."

चला, घरात एक दुभाषी तरी आहे. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोनदा पडले. कपाळाला टाके.

२३ फेब्रुवारी, रविवार

आवाज बसत चाललाय. हळू, एकसुरी, घोगरा. पूर्वी निदान आवाजात बारीकशी काडी असायची, शेवटच्या शब्दाला किंचित उचल. आता सगळी वाक्यं एका सुतात. पाणी द्या. देव नाय. आज कोणता वार. मला कंटाळा आला. सगळं सारखंच.

ह्या वहीत मी आधी 'बाबा मख्खपणे म्हणाले' लिहीत होते. हल्ली नुसतं 'बाबा म्हणाले' लिहिते. आज मागची पानं चाळताना लक्षात आलं. काय लिहू? मख्खपणे लिहिलं तर आत हसू आहे असं मी ठरवल्यासारखं होतं. निर्विकारपणे लिहिलं तर आत कुणी नाही असं ठरवल्यासारखं. दोन्हीची हिंमत नाही.

९ मार्च, रविवार

होळीला एडवणला जायचं ठरलं. दिग्विजय नको म्हणत होता — खड्डे, प्रवास, धूर. आई हटून बसली. "ह्यांना पंच बसायचं हाय." बाबांना विचारलं, तर म्हणाले, "खुर्ची हात असलेली बघा." आई म्हणाली, "बघितलंस? खरं बोलतायत."

१४ मार्च, शुक्रवार. एडवण

धुळवड. काहीही झालं तरी आजच लिहिणार.

आमच्या आळीत धुळवडीला दुपारी पंच बसवतात. देवळापुढं एक खुर्ची. पंच एकच. वर्षभराच्या कागाळ्या त्याच्यापुढं मांडायच्या, त्यानं निकाल द्यायचा. ऐकताना जो हसेल त्यानं नारळ टाकायचा. पंच हसला तर त्यानं साऱ्या आळीला नारळ द्यायचे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून पंच आमचे बाबाच. एकदाही त्यांना नारळ द्यावा लागलेला नाही! आळीला कोण अभिमान ह्या गोष्टीचा.

आज दोघांनी धरून बसवलं. उशा लावल्या. मान ताठ, डोळे समोर, पापणीसुद्धा लवत नव्हती. लोकांत कुजबुज — "काय बसलाय बघ!" भागीकाकू उभी राहिली. विश्रामकाकांच्या बकरीनं तिची अबोली खाल्ली, वेणीपुरतीही ठेवली नाही. बाबा बोलेनात. किती वेळ गेला! मला माहीत होतं, शब्द घशातून वर येत नाहीयेत. लोकांना वाटलं, ताणतायत. पोटं धरून वाट बघत होते. शेवटी आवाज आला, "बकरीला वेणी घाला."

आळी कोसळली. नारळांचा ढीग. विश्रामकाका डोळे पुसत म्हणाले, "नरहरीभाऊ, यंदा कमाल केली! डोळा पण हलत नाय तुझा!"

सगळ्यांना आजार माहीत आहे. हंसाआत्यानं घरोघर सांगितलंय. पण खुर्चीत बसला की तो पंच, आजार-बिजार विसरायचा. मीसुद्धा विसरले घटकाभर. बाबांना इतकं आनंदात — आनंदात? काय माहीत. पण खुर्चीत बघून बरं वाटलं.

मग शेवटी रिवाजाप्रमाणं पंचाची स्वतःची कागाळी. दरवर्षी आईबद्दलच असायची. बाबा पुन्हा थांबले. म्हणाले, "राती झोपल्यावर थुंकी गिळता येत नाय." थांबले. "मला भीती वाटते."

हसले! सगळे हसले! आईच सगळ्यांत आधी हसली. तिच्यामागून बाकीचे. नारळ दणादण पडत होते आणि बाबा त्यांच्यापलीकडं कुठं तरी बघत होते.

मी नाही हसले.

१५ मार्च, शनिवार. एडवण

आईला विचारलं, "काल बोलले ते खरं होतं का गं?"

"खुळी काय? पंचाच्या खुर्चीत कोण खरं बोलतो?"

मग धीर करून बाबांनाच विचारलं. मागच्या पडवीत बसले होते. "बाबा, खरंच भीती वाटते?"

बाबा म्हणाले, "तू नारळ टाकलास?"

"नाही."

"मंग बरोबर."

काय बरोबर? कोण बरोबर? पुन्हा विचारलं तर डोळे मिटून घेतले. नारळांची पोती माळ्यावर टाकलीत. हंसाआत्या वड्या करू म्हणतेय. मला त्या वड्या बघवायच्या नाहीत.

२५ मार्च, मंगळवार. बोईसर

रूपेश सर मधल्या सुट्टीत माझ्यासाठी शोध लावून आले. "मॅडम, तुमचा तो मख्खपणे! इंग्रजीत त्याला डेडपॅन म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या बोलीत पॅन म्हणजे चेहरा. नाटकवाल्यांचा शब्द. डेड म्हणजे..."

"सर, पुरे."

त्यांना बिचाऱ्यांना काय झालं ते कळलंच नाही. पाचव्या तासाला वर्गावर न जाता स्टोअररूममध्ये बसले. मेलेला चेहरा! आणि आपण त्याला विनोद म्हणतो.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड बाबांना चालतं, पातळ करून. चार चमचे गेले.

१७ एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटल. पेज छातीत गेली, न्यूमोनिया. ताप, घरघर. ऑक्सिजन लावलाय. मास्कच्या वर फक्त डोळे, समोर लागलेले. आई स्टुलावर बसून आहे, उठत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ताप उतरला. आता दुसरं. डॉक्टर म्हणतात, तोंडानं भरवणं धोक्याचं आहे. पोटात छोटं भोक पाडून नळी बसवू. नळीतून अन्न जाईल. नळी असली तर कदाचित वर्ष, जास्तही. नसली तर हेच पुन्हा होणार आणि पुढच्या वेळी निभावेलच असं नाही.

"पेशंट शुद्धीवर आहेत, समजतंय त्यांना. त्यांनाच विचारू," म्हणाले. योग्य माणूस. वाकून नीट, सावकाश, मराठीत सगळं समजावून सांगितलं. "बाबा, नळी घालायची?"

बाबा म्हणाले, "नको."

दिग्विजयच्या डोळ्यांत पाणी. "मामा, अवो असं काय? वर्सभर तरी ऱ्हावा की आमच्यात."

बाबा म्हणाले, "घाला घाला. पापलेट वाटून घाला."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे नक्की काय? हो की नाही?"

मी काय सांगणार! 'नको' ही थट्टा आणि 'घाला' खरं? का 'नको' खरं आणि आम्ही रडायला लागलो म्हणून पापलेट? तोच आवाज, तोच चेहरा. पुन्हा विचारलं, तर थकले होते, बोललेच नाहीत. सगळे आईकडे बघायला लागलो. डॉक्टर, नर्स, दिग्विजय, मी. ती उठली. पलंगाशी गेली. बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या दिशेनं.

मग वळली आणि म्हणाली, "नकोच म्हणतायत. खरं सांगतायत ते. घरी न्या ह्यांना."

एवढं ठाम मी तिला कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, विचार करून सांगा." "केला." संपलं.

लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. निदान ते ठरवायचं माझ्यावर आलं नाही. ज्याला कळतं त्या माणसानं ठरवलं.

३ मे, शनिवार. एडवण

शाळेला सुट्टी लागली. बाबांना एडवणला आणलं. मागच्या पडवीत पलंग, वाडी दिसते. दिग्विजय ड्यूटीमुळे बोईसरला, रविवारी येतो.

भरवणं म्हणजे युद्ध. पेज गाळून, हनुवटी खाली दाबून, अर्धा अर्धा चमचा. एक वाटी संपायला सकाळ जाते. बरगड्या दिसायला लागल्यात. विश्रामकाका रोज येऊन बसतात, गप्पा मारतात, मधेच बाबांच्या मांडीवर थाप मारून हसतात. "ह्यानं मनात उत्तर दिलं बघ!" म्हणतात.

७ मे, बुधवार

बोलणं थांबलं. काल 'पाणी' म्हणाले होते. आज नुसता आवाज.

११ मे, रविवार

सकाळी ठसका लागला. निळे पडले. मी पाठीत थोपटत होते तर बाबांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की सोडवेना! चार बोटांचे वळ उठले, अजून आहेत. कुठून आली एवढी ताकद ह्या हाडांत?

ठसका ओसरला. मी आईला वळ दाखवले. "आई, ज्याला जायचंय तो माणूस असं धरेल का?"

"आपोआप आवळतो हात. डॉक्टर बोललेले ना."

बोलले होते खरे. डोळ्यांतून पाणीही आपोआप येतं म्हणाले होते. सगळंच आपोआप? मग माणसाचं स्वतःचं काय उरलं? मी बाबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, बाबा, नळी हवी असली तर अजून घालता येईल, डोळे मिटा. मिटले. मग म्हटलं, नको असली तर मिटा. तेव्हाही मिटले. झोप येत असेल.

दिग्विजयशी बोलले. आईला तो आत्या म्हणतो. तो म्हणाला, "आत्यांना कळतं म्हणून आपण गप बसलो. आता मागं फिरायचं तर त्यांनाच इचार." विचारलं. आई म्हणाली, "एकदा सांगितलं ना!" आणि केळीच्या पानावर तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा.

१६ मे, शुक्रवार

पेज जात नाही. बोट ओलं करून ओठांना लावते.

२१ मे, बुधवार

बाबा गेले. पहाटे. आई जवळ होती, मी चूल पेटवत होते.

२३ मे, शुक्रवार

परवा काय झालं ते आज लिहिते.

अंगणात ठेवलं होतं. साऱ्या आळीतली माणसं आली, मासवणहून आईचे भाऊ आले. जो येई तो तोंड बघून थबके. भागीकाकू रडत रडत म्हणाली, "आत्ता कायतरी बोलंल असा वाटतंय गं." आणि एवढं बोलून तिला हसू फुटलं! तिच्यामागं विश्रामकाकांना. दोघं तोंडावर टॉवेल, पदर घेऊन हसत होते, रडत होते, काय करत होते त्यांचं त्यांना माहीत. मी ओरडणार होते. हंसाआत्यानं माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. दादाला दुसरं काय देणार ती दोघं?"

स्मशानातून दिग्विजय आला आणि न्हाणीघराच्या दगडावर बसून राहिला. म्हणाला, "शेवटपर्यंत वाटत होतं, आता उठून म्हणतील, पुढची अट पोहायची."

चेहरा जिवंतपणी होता तसाच होता. अगदी तसाच. ह्याहून वाईट मला काही लिहिता येत नाही.

३ जून, मंगळवार

काल तेरावं झालं. लोक गेले. पडवीतला पलंग उचलला, खाली फरशीचा रंग वेगळा पडलाय. आई जेवली. म्हणाली, बोईसरला येत नाही, वाडीला पाणी कोण देणार.

मी सारखं स्वतःला सांगते — बाबांना नको होतं. त्यांनी स्वतः सांगितलं, आईला कळलं, आपण त्यांचं ऐकलं. आयुष्यात एकदा तरी त्यांचं खरं ते खरं म्हणून ऐकलं. ह्यावरच उभी आहे सध्या. दुसरं काही नाही धरायला.

८ जून, रविवार. एडवण

उद्या निघायचं. मागच्या पडवीत आईजवळ बसले होते. सहज म्हटलं, "आई, आता तरी सांग ना. बाबांचं खरं काय नि थट्टा काय, तुला कशावरून कळायचं?"

आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "मला कुठं कळायचं गं? कदीच नाय कळला. चारचौघांत बायको हसली नाय तर वाईट दिसतं, म्हणून मी आधी हसायची."

"आणि हॉस्पिटलमध्ये?"

"तिथं तुमी सगळी माझ्याच तोंडाकडं बघत होतात. कायतरी सांगाय नको?"